दुकानात माल नाही आणि गोडाऊनात रिटर्नचा ढीग – डिस्ट्रिब्युशनचं काय करावं?

भडंगवाला | २ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सांगलीजवळ एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. भडंग, भाजक्या पोह्यांचा चिवडा, उपवासाचा चिवडा, आणि दिवाळीला चकली-शेव. वडिलांनी सुरू केला, मी बारा वर्षं बघतोय. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि थोडं बेळगाव-निपाणी मिळून अकरा डिस्ट्रिब्युटर आहेत, पुण्यात एक.

दुखणं असं की यंदाच्या दिवाळीत निम्म्या दुकानांत आमचा माल नव्हता आणि आता तोच माल परत यायला लागलाय. म्हणजे नेमकं काय झालं तर १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली, लगेच सगळ्यांनी खरेदी बंद केली कारण जुन्या रेटचा माल अंगावर कोण घेणार. पाच आठवडे कारखाना निम्म्यावर. मग २२ सप्टेंबरला नमकीनवरचा १२ चा ५ टक्के झाला, त्याच दिवशी घटस्थापना, आणि सगळ्यांचे फोन एकदम. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला म्हणजे हातात चार आठवडे, त्यात उपवासाचा माल आधी की दिवाळीचा आधी, लेबर मिळेना, पाकिटाचा रोल संपला. मी सगळ्यांना ऑर्डरच्या निम्मा माल दिला. पुढच्या वेळी त्यांनी ऑर्डरच दुप्पट टाकली. शेवटचा लोड १८ तारखेला गेला तो दुकानात पोचेपर्यंत दिवाळी आली होती.

आमच्या मालाची डेट (एक्स्पायरी) चार महिन्यांची. आता रोज एकाचा तरी फोन असतो, माल उचला नाहीतर क्रेडिट नोट द्या, म्हणजे त्याची रक्कम बिलातनं वजा करा.

सगळे म्हणतात सॉफ्टवेअर घे. एका कंपनीवाल्यानं डेमो दाखवला, रंगीत ग्राफ बघून मीच गार पडलो. पण मला वाटतंय रोग दुसराच आहे. कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा, मागणी अशी वरखाली होत असेल तर माल कुठं आणि किती ठेवायचा?

बीट_नंबर_सात | २ डिसेंबर २०२५

भाऊ, मी अठरा वर्षं सेल्समनगिरी केली, तीन कंपन्यांत, सगळ्या खाण्याच्याच. एक प्रश्न विचारतो, खरं सांगा. तुमची स्किम महिन्याच्या कुठल्या तारखेला लागते?

भडंगवाला | २ डिसेंबर २०२५

२५ नंतर. दहा पेट्यांवर एक फुकट. का?

बीट_नंबर_सात | २ डिसेंबर २०२५

मग झालं की. डिस्ट्रिब्युटर काय खुळा आहे का १० तारखेला माल घ्यायला? तो २५ ची वाट बघत बसतो, तोवर दुकानात माल संपला तरी चालतंय त्याला, आणि २८ ला दीड महिन्याचा उचलतो. तुम्ही म्हणता मागणी वाढली, कढई पेटवता, ओव्हरटाईम देता. पुढचे पंधरा दिवस सामसूम. खाणारा माणूस रोज तेवढंच मूठभर भडंग खातोय हो, त्याला २५ तारीख माहीतबी नाही. मी स्वतः हे पाप केलंय, टार्गेटसाठी ३१ तारखेला रात्री नऊ वाजता बिल फाडून माल गोडाऊनच्या दारात टाकून आलोय. पुढच्या महिन्यात तोच डिस्ट्रिब्युटर तोंड चुकवायचा.

आकडेमोड | ३ डिसेंबर २०२५

वरच्यांना +१. याला जुनं नाव आहे, बुलव्हिप. बैलाला हाकायचा आसूड, मुठीत मनगट जरासं हललं तरी टोकाला फटकारा. प्रॉक्टर अँड गँबल या डायपर बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी लहान मुलांच्या डायपरचे आकडे तपासले तेव्हा त्यांना हेच दिसलं, दुकानातली विक्री जवळपास सपाट, घाऊकवाल्यांच्या ऑर्डरी त्याहून वरखाली, आणि कंपनीच्या स्वतःच्या कच्च्या मालाच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त. आता पोरं काही महिनाअखेरीला जास्त डायपर भिजवत नाहीत! म्हणजे मागणी हलत नव्हती, साखळीच हलत होती.

१९९७ साली हाऊ ली या प्राध्यापकानं आणि दोन सहकाऱ्यांनी याची चार कारणं मांडली आणि भडंगवाल्यांनी पहिल्याच पोस्टमधे चारही लिहून टाकलीत, गंमत वाटली वाचताना. एक, प्रत्येकजण खालच्याची ऑर्डर हीच मागणी समजून अंदाज बांधतो. दोन, ऑर्डर रोज न देता साठवून एकदम देतात. तीन, स्किम नाहीतर भावातला बदल (जीएसटीचा किस्सा यातच बसतो, फक्त ती स्किम सरकारची होती). चार, माल कमी पडला की वाटप होतं आणि वाटप होतंय कळलं की ऑर्डर फुगवली जाते. तुम्ही निम्मा दिलात, त्यांनी दुप्पट मागितला, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या दशकापासून एक खेळ खेळतात, चौघंजण दुकानदार, होलसेल, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना होतात आणि बियरच्या पेट्यांची मागणी चिठ्ठीवर लिहून मागं सरकवतात. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच वाढते आणि मग सपाट राहते, तरी कारखान्यावाल्याची भंबेरी उडते. तुमच्या डिस्ट्रिब्युटर मीटिंगला जेवणाआधी अर्धा तास खेळवा. बियरऐवजी भडंग घ्या म्हणजे घरचे ओरडणार नाहीत.

टेम्पोमालक | ३ डिसेंबर २०२५

बियर आणि भडंग दोन्ही असेल तर मीटिंगला मीपण येतो 😄

गोडाऊनकर | ३ डिसेंबर २०२५

थिअरी चांगलीय पण उद्या सकाळी करायचं काय ते सांगतो. मी एका बिस्कीट कंपनीच्या डेपोला होतो.

प्रत्येक डिस्ट्रिब्युटरकडून शनिवारी संध्याकाळी क्लोजिंग स्टॉक मागवा. व्हॉट्सॲपवर, कागदावर लिहून फोटो काढला तरी चालेल. मागचा शिल्लक अधिक आठवड्यात घेतलेला वजा आजचा शिल्लक, ही त्याची खरी विक्री. यालाच सेकंडरी म्हणतात आणि हाच आकडा तुमच्या कढईला कळला पाहिजे, ऑर्डरचा नाही. फुकट कोण देणार नाही, म्हणून महिनाअखेरची स्किम काढा आणि त्यातलाच थोडा भाग 'चारही शनिवार स्टॉक कळवला तर' असा ठेवा.

दुसरं, गोडाऊनात जा आणि स्वतः डोळ्यांनी बघा. हमाल नवा माल पुढं रचतो कारण त्याला तेच सोपं, जुना माल भिंतीला जातो आणि तिथंच त्याची डेट संपते. तुमच्या रिटर्नमधला किती माल असा मेलाय ते बॅच नंबरवरून काढा. आमच्याकडं थप्पीला खडूनं महिना मोठ्या आकड्यात लिहायला लावला होता, बाकी काही नाही.

भडंगवाला | ३ डिसेंबर २०२५

अरे बापरे, एका दिवसात एवढं. वाचतोय, वहीत उतरवतोय. खडूचं उद्याच करतो.

आकडेमोड, एक शंका. आमचे एक पाहुणे म्हणतात अकरा ठिकाणी माल विखरून ठेवू नको, कराडला आणि सोलापूरला दोन डेपो कर आणि तिथनं पुरव, स्टॉक कमी लागेल. खरं का?

आकडेमोड | ४ डिसेंबर २०२५

अर्धं खरं. समजा चार गावं आहेत आणि प्रत्येक गावाला अडीअडचणीसाठी ४० पेट्या जादा ठेवता, म्हणजे १६०. एकाच ठिकाणाहून चौघांना दिलंत तर १६० लागत नाहीत, साधारण ८० पुरतात, कारण एका गावात जास्त खपलं तर दुसरीकडं कमी खपलेलं असतं, भरपाई होते. हिशोब वर्गमुळाचा आहे, चाराचं वर्गमूळ दोन म्हणून निम्मं.

पण यात एक मेख आहे जी पाहुण्यांना बहुतेक कुणी सांगितली नसेल. हे तेव्हाच चालतं जेव्हा गावांची मागणी आपापली वेगळी हलते. दिवाळीत सगळी गावं एकदम वर जातात! कराडला जास्त म्हणून सांगोल्याला कमी असं होत नाही. म्हणजे वर्षातले दहा महिने डेपो कामाचा आणि ज्या महिन्यासाठी तुम्ही रडताय नेमका त्याच महिन्यात त्याचा उपयोग कमी. डेपोचं भाडं मात्र बाराही महिने.

त्यापेक्षा गाडी वारंवार पाठवा. महिन्यातून एकदा पाठवली तर डिस्ट्रिब्युटरला महिन्याभराचा अंदाज आज बांधावा लागतो. दर आठवड्याला गेली तर फक्त आठवड्याचा, आणि चुकला तर पुढच्या मंगळवारी दुरुस्त होतो.

टेम्पोमालक | ४ डिसेंबर २०२५

आता माझी पाळी. दर आठवड्याला गाडी पाठवा म्हणणं सोपं आहे साहेब, भाडं कोण देणार? भडंग म्हणजे चुरमुरे, चुरमुरे म्हणजे हवा. चौदा फुटी गाडी ताडपत्रीपर्यंत गच्च भरली तरी काट्यावर पासिंगच्या (परवानगी असलेल्या वजनाच्या) निम्मं वजन भरत नाही. गाडीवाला पैसे पूर्ण गाडीचे घेतो, तुम्ही हवा पोचवायचे पैसे देताय.

मी मिरजेतनं लाईन चालवतो. उपाय असा की एका गावाला एक गाडी हा नाद सोडा. मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर ही एकच लाईन आहे, मंगळवारी निघाला तर सगळ्यांना थोडं थोडं टाकत जातो. गुरुवारी इस्लामपूर, कराड, सातारा. आणि सोबतीला जड माल शोधा, लोणचं, मसाला, गूळ असलं काहीतरी. खाली जड, वर भडंग. वजनबी भरलं, जागाबी भरली, भाडं निम्मं निम्मं. सांगलीत गुळाचा आणि हळदीचा माल सोलापूरकडं जाणारा कुणीही भेटेल (मसाल्याच्या वासाचं तेवढं बघा, पेटी सीलबंद पाहिजे). थोड्याच पेट्या असतील तर एसटीचं पार्सल बघा.

आणि तुम्ही बेळगावला देता म्हणून सांगतो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाईन बिल) १ लाखाच्या वर लागतं पण हद्द ओलांडून कर्नाटकात निपाणी-बेळगावला गेला की ५० हजाराची मर्यादा. आमची एक गाडी हद्दीवर कोगनोळीच्या नाक्याला चार तास उभी होती याच कारणानं.

वैनींचा_फराळ | ५ डिसेंबर २०२५

मी काही कंपनीवाली नाही, घरून फराळ करते, ठाण्यात, दिवाळीला आठ बायका हाताखाली असतात. पण धागा वाचून राहवलं नाही.

तुम्ही सगळे 'माल कुठे ठेवायचा' विचारताय, गावात का डेपोत. मी विचारते कुठल्या अवस्थेत ठेवायचा? अनारशांचं बघा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, दळून चाळून गुळात कालवायचे, हे वेळखाऊ काम. पण एकदा पीठ झालं की गोळे डब्यात कितीतरी दिवस छान राहतात. ऑर्डर आली की खसखशीवर थापून तळायचं, अर्ध्या तासात. म्हणून मी अनारसे कधीच करून ठेवत नाही, पीठ करून ठेवते. तळलेला अनारसा दोन दिवस पडून राहिला की गिऱ्हाईक नाक मुरडतं, पीठ नाही मुरडत!

तुमच्या चिवड्यात पण असं काही असेलच ना, जे आधी करून ठेवता येतं आणि जे शेवटी?

आकडेमोड | ५ डिसेंबर २०२५

वैनी, साष्टांग. कॉलेजात याला पोस्टपोनमेंट (शेवटचं काम ऑर्डर येईपर्यंत पुढं ढकलणं) म्हणून शिकवतात आणि दोन लेक्चर घालवतात. इथून पुढे मी अनारशाचं पीठ म्हणणार.

भडंगवाला | ५ डिसेंबर २०२५

वैनी, डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं चुरमुरे, पोहे, डाळं, सुकं खोबरं, शेंगदाणे कोरडे ठेवले तर राहतात. एकदा तेल-फोडणी लागली की डेटचं घड्याळ चालू. आणि आम्ही काय करतो, सप्टेंबरपासनं फोडणी देऊन, पाकिटात भरून, पेट्या रचून ठेवतो. तेही २०० ग्रॅमची का अर्धा किलोची हे मनानंच ठरवून. यंदा अर्ध्या किलोची पाकिटं उरली आणि २०० ची मिळेनात, माल तोच!

पण खरा खोडा फोडणीचा नाही, छापील रोलचा आहे. प्रत्येक व्हरायटीचा प्रत्येक साईझचा रोल वेगळा, छापणारा कमीत कमी अमुक इतके किलो घ्या म्हणतो आणि तीन आठवडे लावतो. सगळ्यांना मिळून एकच छापील रोल करून व्हरायटीचं नाव, वजन, घटक, एमआरपी स्टिकरवर घ्यावं का? दिसायला जरा गरीब दिसतंय.

बीट_नंबर_सात | ६ डिसेंबर २०२५

दुकानात न दिसणाऱ्या श्रीमंत पाकिटापेक्षा दिसणारं गरीब बरं. पण पाच-दहा रुपयांच्या लडीला स्टिकर करू नका, ती मजुरी परवडायची नाही. मोठ्या पाकिटालाच करा.

वारीच्या_वाटेवर | ६ डिसेंबर २०२५

मी माळशिरस तालुक्यातला, किराणा होलसेल. तुमच्या 'बदलत्या मागणी'तली निम्मी मागणी कालनिर्णयवर छापून येते की राव! आषाढी एकादशी २०२४ ला १७ जुलै, यंदा ६ जुलै, आणि २०२६ ला २५ जुलै. बरेच कंपनीवाले मागच्या जुलैचा आकडा बघून या जुलैचा माल पाठवतात आणि मग म्हणतात अंदाज चुकला. मी वहीत इंग्रजी महिना लिहितच नाही. 'आषाढी आधी दोन आठवडे', 'आषाढी आधी एक आठवडा' असं लिहितो, मग दरवर्षीचे आकडे एकाखाली एक नीट बसतात.

दुसरं, वारीत राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, उपवासाचा चिवडा हे सगळं पालखीच्या एक मुक्काम पुढं पाहिजे. नातेपुत्याला पालखी आली की माल माळशिरसला उतरलेला पाहिजे, माळशिरसला आली की वेळापूरला. मागं राहिला की संपलं, कारण रस्ता वळवलेला असतो, टेम्पो आत सोडत नाहीत. आणि पालखी गेल्यावर ते गाव वर्षभराचं शांत. दरसाल एक कंपनी न चुकता पालखी गेल्यावर गाडी पाठवते, नाव नाही घेत.

भडंगवाला | ६ डिसेंबर २०२५

हे वाचून टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडली आणि कपाळावर हात मारला. मी २०२५ च्या ऑक्टोबरचा अंदाज २०२४ च्या ऑक्टोबरवरनं केला होता. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे सगळा ऑक्टोबर फराळाचा. यंदा २१ ऑक्टोबर, म्हणजे शेवटचे दहा दिवस मेलेलेच होते आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा जोरात हवा होता. २०२६ ला ८ नोव्हेंबर. जीएसटीला शिव्या देत होतो, दोष माझ्या एक्सेलचा पण होता.

जमाखर्च | ७ डिसेंबर २०२५

थोडं रुक्ष सांगतो. परत आलेला माल जाळला नाहीतर पुरला तर त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) उलटवावं लागतं, जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच). आणि एक्स्पायर, रिजेक्ट मालाची माहिती उत्पादकानं दर तिमाहीला फॉसकॉसवर (एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं पोर्टल) भरायची आहे. रिटर्नचा खर्च म्हणजे फक्त मालाची किंमत असं धरू नका, जातानाचं भाडं, येतानाचं भाडं, नष्ट करायचा खर्च, क्रेडिट, सगळं मांडा. मांडलंत की महिनाअखेरच्या स्किमचं खरं बिल कळेल.

डार्क_स्टोअर_वाला | ७ डिसेंबर २०२५

पुण्यात दहा मिनिटांत पोचवणाऱ्या ॲपवर माल टाका, तिथं रोजची विक्री लगेच दिसते, सेकंडरीची भानगडच नाही.

गोडाऊनकर | ७ डिसेंबर २०२५

दिसते, पण ते माल शिळा घेत नाहीत. ऑनलाईनवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या हातात देताना मालाचं ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत असं एफएसएसएआयनं सांगितलंय, म्हणून ते स्वतः आत घेताना त्याच्याहून कडक असतात. चार महिन्यांची डेट असलेल्यानं आधी स्वतःच्या थप्प्या सुधाराव्यात. नाहीतर तिथनं पण रिटर्नच.

भडंगवाला | १० फेब्रुवारी २०२६

मंडळी, धागा वर आणतोय. दोन महिने गायब होतो, कारण हेच सगळं करत होतो.

२५ तारखेची स्किम बंद केली. दोन डिस्ट्रिब्युटर चिडले, एकानं सोडलंच, त्याचं गाव आता शेजारचा बघतोय. बाकीच्यांतल्या सात जणांकडनं शनिवारचा स्टॉक यायला लागला, सुरुवातीला थापा होत्या, एकाचा तर सलग तीन शनिवार तोच आकडा. मग मी स्वतः मोटरसायकलवर जाऊन मोजून आलो, सुधरला.

सात जणांचे ६ डिसेंबर ते ७ फेब्रुवारीचे आकडे एकाखाली एक मांडले. दुकानांकडं गेलेला माल आठवड्याला सगळ्यांचा मिळून ९० ते ११५ पेट्या, त्याच्या बाहेर एकदाही नाही. आणि त्याच सात जणांच्या डिसेंबरातल्या ऑर्डरी एका आठवड्याला २० तर एका आठवड्याला २४०. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली मग इतकी वर्षं आपण कशासाठी भांडत होतो.

अजून एक, सांगोल्याला नऊ आठवड्यांचा माल पडून होता आणि कराडला चार दिवसांचा. टेम्पोमालकांच्या ओळखीनं परतीच्या गाडीत तिकडचा माल इकडं आणला, रिटर्न व्हायच्या आधीच खपला. मंगळवारची लाईन सुरू झालीय, खाली गूळ वर भडंग. भाड्यात फरक पडलाय पण गूळवाल्याची गाडी कधी कधी बुधवारी निघते, त्याचं काय करायचं अजून सुचलं नाही.

माल कमी पडला तर आता ऑर्डर बघून नाही, मागच्या आठ आठवड्यांच्या सेकंडरीच्या प्रमाणात वाटायचं ठरवलंय आणि तसं सगळ्यांना आधीच सांगून टाकलंय, म्हणजे फुगवून उपयोग नाही. हे खरं चालतं का ते दिवाळीतच कळेल. रोलचं स्टिकर प्रकरण फक्त चिवड्याच्या अर्धा किलोला करतोय. सॉफ्टवेअर घेतलं नाही, त्या कंपनीचा पोरगा अजून फोन करतो.

बीट_नंबर_सात | १० फेब्रुवारी २०२६

जो सोडून गेला त्याच्याकडं आधी जुनी वसुली करा. नंतर तो फोन उचलायचा नाही.

वैनींचा_फराळ | ११ फेब्रुवारी २०२६

मस्त वाटलं वाचून. आता एक आठवण करून देते, यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना! जावयाला ३३ अनारशांचं वाण. मागचा अधिक २०२३ ला श्रावणात होता, तेव्हा मला शेवटच्या आठवड्यात ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या होत्या. तुमच्या टॅलीत मागच्या मे महिन्यात याचं नावसुद्धा सापडणार नाही.

भडंगवाला | ११ फेब्रुवारी २०२६

वैनी, आम्ही अनारसे करत नाही पण आता करावेसे वाटतायत. पीठच विकलं तर? अर्धा किलोच्या पाकिटात, तळायचं काम गिऱ्हाइकानं घरी. तुमचा गूळ-तांदळाचा अंदाज काय असतो आणि मे महिन्याच्या उकाड्यात पीठ टेम्पोत सुटत नाही ना, एवढं सांगा, मंगळवारच्या गाडीत नमुना पाठवून बघतो.